बिनआवाजाचा लॅपटॉप

माझ्यात हजार दोष असतील, पण वस्तू पारखून घेण्यात अख्ख्या धरमपेठेत माझा हात धरणारा कोणी नाही. भरताचं वांगं मी असं निवडतो की आत कीड निघालीच तर ती स्वतःहून माफी मागेल! म्हणून स्टिरिओसाठी स्वस्तातला लॅपटॉप घ्यायचं ठरलं, तेव्हा मी दीपमालाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, छाती ठोकून सांगितलं की हे काम एका फेरीत फत्ते होईल.

हा स्टिरिओ आमच्या लग्नात सासऱ्यांनी, गोपाळरावांनी, दिलेला. एक जडशीळ अँप्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर. त्याचा कॅसेटवाला भाग कधीच वारला, सीडीवाला त्याच्या मागोमाग गेला. उरलेला देह हॉलमध्ये उभा होता आणि त्याच्या डोक्यावर मनीप्लांट वाढत होता. पण आवाज अजून ठणठणीत! एक स्वस्त लॅपटॉप आणायचा, त्याची वायर अँप्लिफायरला जोडायची, की इंटरनेटवरचं सगळं संगीत आपल्या दारात.

दीपमालाचा बेत वेगळा होता. तिला त्याच भिंतीवर एसी हवा होता आणि खाली, स्पीकरच्या जागी, वडिलांसाठी दिवाण. गोपाळराव कामठीहून आमच्याकडे आले होते. रामदासपेठेत त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी दुपारची झोप सक्तीची केली होती. एसीला मात्र माझा तात्त्विक विरोध आहे. नागपूरचा माणूस कूलरच्या वाऱ्यावर वाढतो. एसी हे पुण्या-मुंबईकडच्या नाजूक लोकांचं काम.

शेवटी पैज लागली. "रविवारी दुपारी, बाबांसमोर, एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून दाखवा," दीपमाला म्हणाली. "वाजलं तं या उन्हाळ्यात मी एसीचं नाव काढत नाही. नाही वाजलं, तं हे धूड अंकुशच्या ठेल्यावर."

अंकुश म्हणजे आमच्या गल्लीतला भंगारवाला. लग्नातली वस्तू भंगारात! मी पेटून उठलो.

सीताबर्डीवर मोहितचं जुन्या लॅपटॉपचं दुकान आहे. तिथे मी माझा एकच निकष सांगितला: लॅपटॉपच्या आतल्या पंख्याचा आवाज येता कामा नये. सतारीची नाजूक मींड चालू असताना मागे घुर्र घुर्र कोण ऐकून घेईल? मोहितने एकेक लॅपटॉप काढला आणि मी प्रत्येकाला कान लावून, डोळे मिटून, श्वास रोखून ऐकत गेलो. दुकानातली गिऱ्हाइकं आपली कामं सोडून माझ्याकडे बघू लागली.

"काका, लॅपटॉप आहे तो," मोहित म्हणाला. "ॲडमिट करून राहिले का त्याले?"

अखेर त्याने एक पातळसा, स्वस्तातला लॅपटॉप पुढे केला. त्याच्यात पंखाच नव्हता! मी तिथल्या तिथे सतार लावून पाहिली. मागे चिटपाखरू नाही, नुसती सतार. मी विजयी मुद्रेने घरी आलो. मोहितच्या दुकानात एसी होता, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, कारण ती लक्षात घ्यावी असं मला वाटलंच नाही.

घरी वायर जोडली, सतार सुरू केली आणि थांबलो. काही ऐकू येईना. आवाज वाढवला, तरी काही नाही. मग स्पीकरला कान लावला तेव्हा कळलं की सतार जोरात चालू होती, पण आमचा कूलर त्याहून जोरात चालू होता.

या कूलरबद्दल सांगायला हवं. लोखंडी पत्र्याचा, खिडकीएवढा, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात घेतलेला. तो लागला की आम्ही एकमेकांशी खुणांनी बोलतो. इतकी वर्षं तो आवाज आम्हाला आवाज वाटतच नव्हता. पंखा नसलेला लॅपटॉप मी या राक्षसासमोर आणून ठेवला होता!

बरं, कूलर बंद केला. आता सतार काय गोड वाजली! पण मे महिना होता. मी घामाने निथळलो आणि लॅपटॉप पोळीच्या तव्यासारखा तापला. थोड्याच वेळात त्याने पडद्यावर एक सूचना दाखवली आणि डोळे मिटले. आत पंखा नाही म्हटल्यावर बिचारा करणार काय? थोडक्यात, कूलर लावला तर गाणं ऐकू येत नाही आणि बंद केला तर गाणं वाजत नाही.

दीपमालाने हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. मग अंकुश रविवारी घरी असतो का याची चौकशी केली.

पण मी हरणाऱ्यातला नाही! रविवारी परातीत बर्फ भरला, त्यावर स्टीलचं ताट पालथं घातलं आणि ताटावर लॅपटॉप विराजमान केला. परीक्षेला शेजारचे मधुकरराव साक्षीदार म्हणून आले. गोपाळराव, म्हणजे मुख्य परीक्षक, डोळ्यावर हिरवी पट्टी लावून पलंगावर पडले होते आणि कूलरच्या घरघरीत गाढ झोपले होते. झोपेत असले तरी हजर होते, हा मुद्दा मी दीपमालाकडून मान्य करून घेतला.

मी कूलर बंद केला. सतार सुरू झाली. बर्फ काम करत होता, लॅपटॉप थंड होता, मधुकररावांची मान डोलू लागली होती. गाणं अर्ध्यावर आलं, अर्ध्याच्या पुढे गेलं. माझी छाती फुगू लागली.

आणि गोपाळराव दचकून उठले. "लाइन गेली गा!"

आता नागपुरात मे महिन्यात कूलर थांबला याचा एकच अर्थ होतो: वीज गेली. माणूस कितीही झोपेत असो, कूलर बंद पडला की जागा होतो आणि लाइन गेली म्हणून ओरडतो. त्यावर शेजारी विचार करत नाहीत, कामाला लागतात. लाइन परत येते ती कधीकधी इतक्या जोरात येते की फ्रीज जळतो, म्हणून आधी मेन स्विच पाडायचा, हे आमच्या गल्लीत लहान मुलांनाही पाठ असतं. डोलणारे मधुकरराव ताडकन उठले, जिन्याखाली धावले आणि त्यांनी आमचा मेन पाडला.

सतार तुटली. बॅटरीवरच्या लॅपटॉपमध्ये गाणं नुसतं पुढे सरकताना दिसत होतं, पण अँप्लिफायर गतप्राण झाला होता.

"मधुकरराव, सतार चालू होती ना! लाइन गेली असती तं वाजली कशी असती?" मी कळवळून विचारलं.

"मले वाटलं बॅटरीवर असन," ते घाम पुसत म्हणाले. "फ्रीज वाचला ना तुमचा?"

दीपमाला एवढंच म्हणाली की गाणं शेवटपर्यंत वाजलेलं नाही. सोमवारी सकाळी एसी आला. इतक्या लवकर कसा, म्हणून विचारलं, तर तिने तो पैजेच्या आधीच सांगून ठेवला होता. माझ्यावर तिचा एवढा विश्वास! कूलर गच्चीवर गेला. अंकुशने मात्र दोन-तीन दिवसांनी ठेला घेऊन येतो म्हणून निरोप पाठवला.

त्या दोन-तीन दिवसांत घरात एक विचित्र प्रकार घडला. एसीने हॉल असा गार केला की पांघरूण लागावं, पण झोप कोणालाच येईना! गोपाळराव या कुशीवरून त्या कुशीवर. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं, वरच्या मजल्यावरच्या बाईंची जावेशी चाललेली बोलणी ऐकू यायला लागली. तिसऱ्या दुपारी सासरे उठून बसले. "काही वाजूनच नाही राहिलं वं," ते लेकीला म्हणाले. "माणसानं झोपावं कसं?"

डोळा लाल दिसत होता. झोप झाली नाही तर टाके बिघडतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दीपमालाचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच ती माझ्याकडे काहीतरी करा ना, अशा नजरेने बघत होती, आणि खरं सांगतो, मला पैज जिंकल्यापेक्षा बरं वाटलं.

मी लॅपटॉप उघडला. इंटरनेटवर शोधलं आणि सापडलं! जगात आपल्यासारखे दुःखी आणखी असतात. कोणीतरी कूलरचा आवाज तासन्‌तास रेकॉर्ड करून ठेवला होता. मी वायर जोडली आणि आवाज सोडला. कमरेएवढे दोन्ही स्पीकर घरघरू लागले. एसीमुळे लॅपटॉप थंडगार होता, बंद पडायचं नाव नाही! गोपाळराव क्षणात घोरू लागले. मागोमाग दीपमालालाही डुलकी लागली.

तेवढ्यात अंकुश ठेला घेऊन दारात आला. दीपमालाने एक डोळा उघडला आणि हातानेच त्याला परत जायला सांगितलं. माझा स्टिरिओ वाचला! आता सतार ऐकायची तर मी गच्चीवर जातो, बंद कूलरच्या सावलीत बसतो आणि मोबाइल कानाला लावतो.

त्या दुपारी मात्र मी समाधानाने आडवा होणार, तोच गोपाळराव झोपेतच पुटपुटले. "जावईबापू, टाकीतलं पाणी संपलं वाटते. आवाज कोरडा येऊन राहिला."

मी निमूटपणे उठलो आणि भरलेल्या टाकीच्या कूलरचा आवाज शोधायला बसलो.