चंद्रीची मच्छरदाणी

सोमवारी सकाळी डास नाहीसे झाल्याचं कळलं.

डॉ. गोरख ठाकूर जिते गावाजवळच्या वाडीवर, बुधाच्या गोठ्यात काचेची नळी हातात घेऊन उभे होते. समोर मच्छरदाणी आणि मच्छरदाणीत चंद्री म्हैस. पद्धत साधी होती. संध्याकाळी म्हशीभोवती जाळी लावायची आणि खालची कड वीतभर उचलून ठेवायची. डास आत शिरतात, रक्त पितात आणि जाळीवरच बसून राहतात. सकाळी ते नळीने ओढून घ्यायचे. वाडीतले डास म्हशीला जास्त चावतात की माणसाला, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. सगळी नोकरी हिवतापाच्या मागे गेली होती आणि निवृत्तीआधीचं हे शेवटचं काम होतं.

गेल्या आठवड्यात जाळी काळी झाली होती. आज एकही डास नव्हता.

"बुधा, काल कड उचलली होतीस ना?"

"उचलली ना साहेब. आता बी उचललेलीच हाय, बघा."

खरंच उचललेली होती.

मंगळवारीही तेच. डॉक्टर चक्रावले. त्यांनी खाचरातलं पाणी पाहिलं. त्यात अळ्या वळवळत होत्या. म्हणजे डास जन्माला येत होते. मग संध्याकाळी जात होते कुठे? त्यांनी चंद्रीचा चारा पाहिला. तिच्या अंगाला नाक लावून पाहिलं.

"म्हशीचा वास घेताय व्हय?" बुधा पोटरी खाजवत म्हणाला.

"तुला काय चावलं?"

"डास."

"कुठे?" डॉक्टर नळी घेऊन वळले.

"डोलवीला, कारखान्यात. परवापासून रातपाळी हाय ना."

डॉक्टरांनी पुण्याला हैबतरावांना फोन केला. हैबतराव त्यांचे वरिष्ठ.

"अहो, वाडी डासमुक्त झाली!" हैबतराव ओरडले. "तिथल्या फवारणीची गाडी रोह्याला पाठवू. गुरुवारी मी स्वतः येतो."

"साहेब, थांबा. कारण कळलेलं नाही अजून."

"कारण नंतर शोधा हो!"

डॉक्टर घाबरले. वाडीत दरवर्षी तापाचे रोगी निघत. फवारणी थांबली आणि डास मात्र इथेच असले, तर?

बुधवारी संध्याकाळी ते न सांगता गोठ्यात आले. बुधा कड उचलून शिफ्टला निघून गेला होता. त्याची आई काशीबाई वाकून चंद्रीभोवती फिरत होती आणि जाळीची कड विटांखाली नीट दाबत होती.

"काशीबाई! हे काय करताय?"

"खोचतेय. मुकं जनावर रातभर चावून घेतं. गेल्या आठवड्यात बुधा रातचा घरी व्हता, हात लावू देईना. आता रोज उघडीच टाकून जातो. बाप्यांना कुठं कळतंय?"

"पण सकाळी तर उघडी असते."

"दूध काढाया मीच उघडते ना."

 डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. काशीबाईंनी शांतपणे ऐकलं.

"तुमची कोण खोचतं?" त्यांनी विचारलं.

"बायको खोचायची, प्रणिता. गेल्या वर्षी ती गेली, तेव्हापासून मी लावतच नाही."

"आता गो बाई! डासांचा डाक्टर नि जाळीबिगर झोपतो!"

"काशीबाई, उद्या साहेब येणार. मला आजच डास हवेत. एक रात्र उघडी राहू द्या."

"माझी चंद्री नाय देणार. तुमालाच हौस हाय, तर तुमीच निजा आत."

दुसरा उपाय नव्हता. चंद्री बाहेर आली, खाट आत गेली. डॉक्टरांनी कड उचलली, पोटऱ्या उघड्या टाकल्या आणि आडवे झाले.

हैबतरावांच्या आवाजाने त्यांना जाग आली. "वा, ठाकूर! स्वतः आत झोपलात! आणि जाळीत एकही डास नाही!"

डॉक्टर उठून बसले. जाळी चारही बाजूंनी गोधडीखाली घट्ट खोचलेली होती. वर्षभरात त्यांना अशी झोप लागली नव्हती.

काशीबाई चहा घेऊन उभ्या होत्या. "घुटमळत व्हते मेले बाहेर," त्या म्हणाल्या. "बघवंना. टाकली खोचून."

"कोण घुटमळत होतं?" हैबतरावांनी फोन काढला होता. "असो. रोह्याला गाडी पाठवायचं सांगून टाकतो." फोन कानाला लावता लावता त्यांनी मानेकडे हात नेला.

"हलू नका साहेब!" डॉक्टर जाळीतून जवळजवळ उडीच मारून बाहेर आले. त्यांनी हैबतरावांच्या मानेवर नळी टेकवली, ओढली आणि उजेडात धरली. नळीत रक्ताने फुगलेला डास होता. "हिवतापाचाच. मादी आहे."

"माझं रक्त?"

"तुमचंच."

हैबतरावांनी फोन खिशात घातला. फवारणीची गाडी दुपारी वाडीवरच आली.

काशीबाईंना डॉक्टरांनी पुन्हा दोनदा समजावलं. त्या दोन्ही वेळा 'व्हय' म्हणाल्या. जाळीत आजही डास सापडत नाहीत. वाडीतले डास म्हशीला जास्त चावतात की माणसाला, हे शोधायचं राहिलं आहे.