फुकटचे ग्रॅम

भालेरावच्या शेडमध्ये चहा आला की आधी कपाचं वजन व्हायचं. टेबलावर सोनाराकडं असतो तसला काटा. चहा पिऊन झाला की कप पुसायचा, काट्यावर ठेवायचा, आकडा बघायचा आणि चहावाल्याला सांगायचं, "बुडाला तीस ग्रॅम फुकट बसलेत, भावा." चहावाला वैतागला आणि कागदाचे कप आणायला लागला. भालेरावनं तेही तोलले. त्यांत काढण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणून त्या दिवशी तो जरा उदास होता.

त्याचं शेड कुरुळीत, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. भालेराव बावन्न-त्रेपन्नचा. बाप कंपनीत हेल्पर होता, हा डिप्लोमा करून डिझाइनला लागला. वीस वर्षं दुसऱ्याची ड्रॉइंग काढली, मग नोकरी सोडून हे शेड टाकलं. सात माणसं आणि हा. घरी हा एकटाच. मी चौथी शिकलेला, पस्तीस वर्षं लेथ चालवून घरी बसलेला. त्याच्या-माझ्यात बोलण्यासारखं काही नव्हतं, तरी तो बोलायचा.

तो बनवायचा गाडीच्या चाकाचे दांडे. ड्राइव्ह शाफ्ट. मोटरची ताकद चाकापर्यंत नेतो तो. चाक वळतं, खड्ड्यात वरखाली होतं, तरी ताकद झटका न देता एकसारखी गेली पाहिजे. म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना सांधा असतो, आत सहा गोळ्या, ग्रीस, वरून झाकायला रबराचा बूट. एवढंच. पण एवढं स्वस्तात बसवायचं म्हणजे माणूस येडा व्हावा लागतो, आणि भालेराव तयारच होता.

दांडा काट्यावर ठेवायचा आणि सासू नव्या सुनेकडं बघते तसा त्याच्याकडं बघत बसायचा. "इथं ग्रॅम बसलेत, आबा. इथं. आयते बसून खातायत." मग तेवढं ड्रॉइंगमधून काढायचं. ग्राइंडिंगवरच्या नाझीमच्या बहिणीच्या लग्नात ह्यानं बिर्याणीच्या डेगचं झाकण उचलून बघितलं. आचारी खूश झाला, पाहुण्याला वास आवडला. भालेराव म्हणाला, "झाकण एवढं जाड कशाला?"

दुसरं वेड डाव्या-उजव्याचं. गाडीत डावा दांडा आखूड असतो, उजवा लांब. म्हणजे दोन ड्रॉइंग, दोन सेटिंग, दोन रॅक. ह्याचं म्हणणं, दोन्ही एकच करा, खर्च आपोआप उतरतो. "चपलेला डावा-उजवा असतो, मोज्याला न्हाई. ज्यानं मोजा काढला तो खरा डिझायनर." हे त्यानं मला निदान वीस वेळा सांगितलं असेल.

माझी बायको गेली तेव्हा तो भेटायला आला चौदाव्या दिवशी. मांडववाल्याची भांडी अजून अंगणात होती. लोक येऊन करतात तसं ह्यानं काही केलं नाही. कसं झालं विचारलं नाही, देवाची मर्जी म्हणाला नाही. पाणी प्यायला, तांब्या हातात धरून वरखाली केला, आणि मला वाटलं आता हा वजन सांगतो. त्यानं तांब्या खाली ठेवला.

"लेथ रिकामा हाय, आबा. उद्यापासून या."

"मला दुःख हाय भालेराव."

"असू द्या. घेऊन या."

मला राग आला. हाकलून द्यावं वाटलं. दुसऱ्या दिवशी साडेआठला मी शेडच्या दारात उभा होतो.

तेव्हा शेडमध्ये एकच विषय. चाकणच्या एका कंपनीला बॅटरीवरच्या छोट्या टेम्पोसाठी दांडे हवे होते. भालेरावनं मोटर मधोमध बसवायला लावून डावा-उजवा एकच केला होता. त्याच्याएवढा हलका आणि स्वस्त दांडा कुणाकडं नव्हता. नमुना ट्रायलमध्ये टिकला तर सात माणसांना काही वर्षं काम. नाही टिकला तर पुन्हा बुश आणि पिना असली चिल्लर कामं कापत बसायचं. नमुन्याचे दांडे कापायचे होते मी.

कापले. शेडवर आल्यापासून पाचव्या दिवशी. मोजले, टॅगवर ओके लिहून सही केली.

ट्रायलला टेम्पोत वाळूची पोती भरली, स्टेअरिंग पूर्ण वळवून गोल गोल फिरवला, गतिरोधकांवरून उडवला. तिसऱ्या दिवशी डावा दांडा मोडला. सांधा नाही, गोळ्या नाहीत, दांडाच. सांध्यात अडकायला दांड्याच्या टोकाला दाते असतात, ते संपतात तिथल्या कोपऱ्यात, खडू मोडावा तसा.

तो कोपरा गोल राखायचा असतो. टोकदार राहिला तर दांडा तिथनंच जातो. म्हणून हत्याराला बोथट नाकाची टिप लावतात, एक पॉइंट दोन मिलिमीटरची. मोडलेला तुकडा बघितला आणि मला कळलं. मी शून्य पॉइंट चारची, टोकदार लावली होती. दोन्ही टिपांच्या डब्या शेजारी असतात. पस्तीस वर्षांत न बघता हात बरोबर डबीवर गेला होता. त्या दिवशी कुठं गेला, मला आठवत नाही. त्या दिवसातलं मला काहीच आठवत नाही.

कंपनीच्या साहेबाचा फोन आला. भालेराव फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतो, हात मोकळे लागतात म्हणून. साहेब सांगत होता, "ऑपरेटरची चूक असेल तर तसं लिहा. नाव टाका, त्याला आमच्या कामावरून काढा, आठवड्यात दुसरा नमुना घेतो. ड्रॉइंगची चूक असेल तर ट्रायल पहिल्यापासून. दोन महिने जातील. तोवर हेच दांडे देणारी दुसरी पार्टी थांबणार नाही."

"लिहितो," भालेराव म्हणाला.

मी समजून गेलो. डबा आवरला. लेथ पुसून तेल लावलं. घरी जाऊन काय करायचं याचा विचार केला, तो लवकर संपला.

दुसऱ्या दिवशी हिशेब करून जाऊ म्हणून आलो, तर नाझीमच्या हातात रिपोर्ट. इंग्रजीत. मी म्हटलं, "माझं नाव कुठं हाय ते दाखव." त्यानं दोनदा वाचला. "आबा, तुमचं नावच नाय इथं. लिहिलंय, ड्रॉइंग चुकलं. कोपऱ्याची गोलाई फार छोटी दिली, तिथला गळा फार बारीक दिला. चूक भालेरावची."

मी आत गेलो.

"तू खोटं लिहिलं."

"काय खोटं?"

"टिप मी चुकीची लावली. पॉइंट चारची. सही माझी हाय."

"माहीत हाय. भिंगातनं बघितलं की मी."

"मग नाव का न्हाई टाकलं? हातचं काम चाललंय."

तो काट्यावरची धूळ पुसत होता. "आबा, लेथवर कोण उभं हाय हे मला माहीत होतं. मीच बोलवून आणलं. तरी कोपरा असा काढला, की डोकं ठिकाणावर असलेल्यालाच जमावा. शेडमध्ये रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी झालेलंच असतं. कुणाचं पोरगं तापलेलं, कुणाची झोप न्हाई. ते धरून ड्रॉइंग काढायचं असतं. मी न्हाई धरलं. मग चूक कुणाची?"

मी म्हटलं, "तू येडा हायस."

"तसं लिहायला रिपोर्टात रकाना न्हाई."

मग त्यानं कोपऱ्याची गोलाई मोठी केली, गळा जाड केला. कुठलीही टिप लावली तरी मोडणार नाही असा. दांड्यामागं सत्तर ग्रॅम वाढले. नवा दांडा काट्यावर ठेवला तेव्हा बाकी सगळे आकडा बघत होते, भालेराव पंख्याकडं बघत होता.

ट्रायल पहिल्यापासून झाली. दांडा टिकला. पण दोन महिन्यांत दुसरी पार्टी आत शिरली होती, निम्मं काम तिला गेलं. निम्मं आपल्याला. सात माणसं राहिली, आठवा मीही राहिलो. ओव्हरटाइम मात्र गेला, आणि त्यावरून दोघं-तिघं अजून भालेरावला बोलतात. त्यांचं चुकत नाही.

गुरुवारी आमच्याकडं सुट्टी. मशिनं बंद, मेन स्विच खाली. गेल्या गुरुवारी मी सकाळीच शेडकडं गेलो. शटर अर्धं वर होतं. दारातल्या उजेडाला स्टूल टाकून भालेराव बसलेला, मांडीवर दांडा.

"आबा? आज?"

"चष्मा विसरला."

"खिशात हाय तुमच्या."

"हां. आणि तू?"

"हा एक पीस चेक करायचा राहिला होता."

त्या पिसाच्या टॅगवर ओकेखाली माझी सही होती, नाझीमची होती आणि त्याची स्वतःचीही होती. त्यानं दुसरं स्टूल ओढलं, फडक्यानं पुसलं आणि माझ्याकडं सरकवलं.

मी बसलो. चष्मा लावला.

"आण इकडं," म्हटलं. "गेज लावून माप बघू."