वरचे, खालचे आणि आमचे जावईबापू

एका फेरीत दोन कामं कशी उरकायची हे माझ्याकडून शिकावं, असं मी त्या रविवारपर्यंत ऑफिसात सगळ्यांना सांगत असे. आता सांगत नाही.

टेंभुर्णीला माझ्या चुलत बहिणीला, प्रियदर्शनीला, बघायला कुंभार पिंपळगावची मंडळी येणार होती. मुलाला ती एकदा जाफराबादेत भेटली होती आणि तो तिला पसंत होता. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. तिचे वडील, आमचे भुजंगकाका, फोनवर म्हणाले, "नीला, जावईबापूला घेऊन ये. प्राध्यापक माणूस बसला की बैठकीला वजन येतं."

जावईबापू म्हणजे माझा नवरा अवधूत. तो जालन्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात एका माशाच्या मागे असतो. मासा म्हणजे काय, बोटभर लांब, मातकट रंगाचा, चष्म्याशिवाय दिसू नये असा. त्याच्या म्हणे दोन पोटजाती. डोंगराकडच्या ओढ्यांत राहणाऱ्याच्या शेपटीवर ठिपके, खाली नदीत राहणाऱ्याच्या अंगावर पट्टे. टेंभुर्णीजवळच्या एका ओढ्यात दोघांची गाठ पडते, तिथं ते एकमेकांत संसार थाटतात, आणि मग होणाऱ्या पिल्लांत कुणाची जनुकं किती याचा पत्ता लागत नाही. तो पत्ता लावणं हे माझ्या नवऱ्याचं जीवितकार्य. इतरांचे नवरे प्लॉट घेतात.

तेव्हा मी बेत आखला. अवधूतनं सकाळी ओढ्यावर जावं, मासे धरावेत, आणि पाहुणे यायच्या आत हातपाय धुऊन वजनासारखं येऊन बसावं.

पाहुणे लवकर आले. मुलगा हरिओम, त्याची आई द्वारकाबाई आणि मामा अंगदराव. मुलगा गप्प, आई त्याहून गप्प. त्या दोघांच्या वाट्याचंही मामाच बोलत होते. मामांचं बियाण्यांचं मोठं दुकान आहे. खुर्चीत बसल्याबसल्या त्यांनी सुरुवात केली.

"भुजंगराव, आमच्या खानदानीत भेसळ न्हाई. सात पिढ्या बराबर सांगतो."

"आमचंबी तसंच," काका म्हणाले. "आमी वरच्या आळीचे. खालच्या आळीशी आमचा बिलकुल संबंध न्हाई."

खालच्या आळीत काका चहासुद्धा पीत नाहीत. कारण विचारलं तर "पैल्यापासून न्हाई" एवढंच सांगतात. त्यापलीकडचं कारण त्यांनाही ठाऊक नाही. आणि इकडे संकरित कपाशीचं बी विकून ज्यानं दुमजली घर बांधलं, तो माणूस शुद्धतेवर व्याख्यान देत होता. ज्याच्या शेतात तेच बी उगवलं होतं, तो मान डोलावत होता. मी पोह्यांवर खोबरं पेरत गप्प राहिले. म्हटलं, बहिणीचं लग्न जमू दे, मग हसू.

एवढ्यात अंगदराव हात धुवायला मागच्या अंगणात गेले. तिथं हौदापाशी अवधूत उभा होता. तो नुकताच परतला होता. पायाशी बकेट, कानाला मोबाईल, आणि पलीकडे त्याचे संशोधनातले सर. अवधूतला वाटतं की माणूस दूरच्या गावी असेल तर त्याच्याशी तेवढ्याच मोठ्या आवाजात बोलावं लागतं.

"सर, इथं वरचे आणि खालचे बिलकुल मिसळून गेलेत," तो सांगत होता. "दिसायला वरचा, पण आतून निम्मा खालचा. शुद्ध म्हणावा असा एक सापडला तर शपथ. नाही नाही, हे आत्ताचं नाही, पिढ्यानपिढ्या चालू असणार. इथल्या लोकांना कल्पनाच नाही, सर."

अंगदराव ओल्या हातांनीच परत आले आणि बसले नाहीत.

"येतो आमी, भुजंगराव."

"आं? पोहे तर खाऊन जा."

"पोहे ऱ्हाऊ द्या. वरच्या आळीत शुद्ध एकबी न्हाई म्हणे. सगळे आतून खालचे. म्या न्हाई म्हणत, तुमच्याच जावयानं कुणाला तरी फोनवर सांगितलं. आत्ता, माझ्या कानानं ऐकलं."

काकांचा चेहरा वाळत घातलेल्या मिरचीसारखा झाला. त्यांनी जावईबापूंना हाक मारली. आमचं वजन चिखलाच्या पायांनी आत आलं.

"जावईबापू, तुमी वरच्या-खालच्याचं काही बोलून राह्यलते का?"

"हो, काका," अवधूत आनंदानं म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा सासरच्या माणसानं त्याच्या संशोधनाची चौकशी केली होती. "फार मोठा पुरावा मिळाला. नमुनेही घेतलेत."

"कुणाचे?"

"दोघांचे. खालचे लवकर हाती लागतात. वरचे दगडाखाली लपतात."

काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि निघायला उभे असलेले मामा मटकन खाली बसले.

"आन् नमुने म्हंजे काय घेतले?"

"शेपटीचा बारीक तुकडा कापतो. पुन्हा वाढते ती."

शेपटी या शब्दावर तरी कुणाला शंका यायला हवी होती. पण रागावलेल्या माणसाला शेपटी हा अपमान वाटतो, माहिती वाटत नाही. द्वारकाबाईंनी मात्र पदर घट्ट आवळून घेतला. आतल्या दाराशी प्रियदर्शनी पांढरीफटक उभी होती. तिच्याकडे बघून मला राहवेना. ऑफिसात चिडलेल्या गिऱ्हाइकांना मीच शांत करते, तेव्हा हे चार लोक काय, असं मला वाटलं.

"मामा," मी म्हणाले, "ते माशांबद्दल बोलतायत."

"माशात कुठं वरची आळी असती, ताई? मला येडं समजून राह्यले का?"

"तसं नाही हो. माशांतही संकर होतो. त्यात कमीपणा कसला? तुम्ही स्वतःच तर संकरित बियाणं..."

'विकता' हा शब्द माझ्या तोंडून निघायच्या आत मामा उभे राहिले होते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, याचा असा फटका मला पूर्वी कधी बसला नव्हता.

"हरिओम, गाडी काढ," मामा म्हणाले. "हे तर आमच्या मायबापावर गेले."

हरिओम उठला, पण चावी शोधण्यात त्यानं जरा जास्तच वेळ लावला. तेवढ्यात प्रियदर्शनी आतल्या दारातून नाहीशी झाली, मागच्या अंगणात गेली आणि बकेट दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. चहाचा ट्रे घेऊन यायचं ठरलं होतं. तिनं बकेट आणली आणि मामांच्या पुढ्यात ठेवली.

"हे वरचे आन् हे खालचे," ती म्हणाली. "बघा आन् मंग जा."

सगळे वाकले. अवधूतनं ओंजळीत एकेक मासा घेऊन दाखवला. हा ठिपक्यांचा, वरचा. हा पट्ट्यांचा, खालचा. आणि हा बघा, शेपटीवर ठिपके आणि अंगावर पट्टे.

"हे नुसतं बाहेरून दिसतं ते," तो म्हणाला. "आत प्रत्येकाचं मिश्रण निराळं. डोंगरात सगळे सारखे, नदीत सगळे सारखे. जिथं दोघं भेटतात तिथं मात्र एक मासा दुसऱ्यासारखा नाही. सगळ्यात जास्त विविधता तिथंच."

मामांनी खिशातून चष्मा काढला. मग हरिओम, जो सकाळपासून एक अक्षर बोलला नव्हता, बकेटीपाशी उकिडवा बसला.

"मंग ह्यातले टिकतेत कोण?"

"तेच बघायचंय," अवधूत म्हणाला.

"हा टिकंल," प्रियदर्शनी दुसऱ्या बाजूनं खाली बसत म्हणाली. "कवाचा उडी मारून राह्यला." हरिओमनं त्या माशाकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि गाडीची चावी गपचूप खिशात टाकली.

राग ओसरला होता, पण आता खाली कसं बसायचं हे मामांना कळत नव्हतं. इतकं शास्त्र ऐकल्यावर काही तरी विचारणं भाग होतं. मामांनी घसा खाकरला.

"सर, ह्यातला खायला कोणता बरा?"

"खाल्ला नाही कधी," अवधूत म्हणाला.

"वरचा न्हाई खाल्ला?"

"नाही."

"खालचा?"

"तोही नाही."

मामांनी काकांकडे बघितलं, काकांनी मामांकडे. त्या दोघांत पहिल्यांदा सोयरिकीची ओळख पटली ती या क्षणी.

"इतकी वर्षं मासे धरून राह्यले," मामा हळू आवाजात म्हणाले, "आन् चव म्हाईत न्हाई."

"काय सांगू तुमाला," काका म्हणाले. "शिकलेला म्हणून पोरगी दिली आमच्या भावानं."

"आमच्यातबी हाय एक असा. वकील हाय."

"बसा, पोहे गार होऊन राह्यले."

मामा बसले. पोहे खाल्ले, वरून चहा घेतला, आणि साखरपुडा कुठं करायचा यावर बोलणं सुरू झालं. अधूनमधून दोघं बकेटीकडे आणि मग अवधूतकडे बघत होते आणि मान हलवत होते. अवधूत ओढ्यावर मासे सोडून आला तेव्हा दोन्ही घरं एक झाली होती.

अख्ख्या बैठकीत आपली बाजू कुणी घेतली नाही, असं अवधूत परतताना गाडीत म्हणाला. खरं होतं. निदान बायकोनं तरी घ्यायला हवी होती. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि शक्य तितक्या मायेनं विचारलं, "पण अवधूत, खरंच एकदाही चाखून बघितला नाहीस?"