दुसऱ्या बाजूचं अर्धं मिनिट

आमच्या शेजारी उंदराला जामीन मिळत असे. सापळ्यात अडकलेल्या उंदराला सेतुमाधवराव चोवीस तासांच्या आत गॅलरीत हजर करत, आरोप वाचून दाखवत आणि खोबरं कुरतडताना प्रत्यक्ष कुणी पाहिलं का, असं आम्हा नवराबायकोला विचारत. आम्ही काय डोंबल पाहणार? मग समोरच्या बागेत उंदराची सुटका होई. तुटक्या शेपटीचा एक उंदीर तिसऱ्यांदा आलाय, असं माझ्या बायकोनं, सुमननं, शपथेवर सांगितलं, तेव्हा राव म्हणाले, "एकदां सुटलेल्याकडे संशयानें पाहूं नये, अम्मा." त्या आठवड्यात सुमननं घरात सगळे डबे पत्र्याचे आणले.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. बँकेनं माझी सांगलीहून चेन्नईला बदली केली आणि आम्ही अण्णा नगरात भाड्यानं राहायला आलो. समोरच्या दारावर 'राव' वाचून हरखलो. ते तंजावरचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच. 'झालं'ला ते 'जालें' म्हणत, कॉफीला 'कापी' आणि मला 'सार', म्हणजे सर. तिन्हीसांजेला जिन्यात त्यांचं ते जुनं मराठी कानावर आलं, की कुणी फार लांबून बोलतंय असं वाटायचं. एके काळी ते तंजावरकडून दोनदा आमदार झाले होते. आता सत्तरी उलटलेली, बायको केव्हाच गेलेली, घरात एकटे.

आमदारकी गेली तरी भूमिका काही सुटल्या नव्हत्या. रोज सकाळी पेपर हातात घेऊन माझ्यासमोर ते आपली भूमिका जाहीर करत. खटल्याविना कुणाला डांबायचं नाही, कोठडीत कुणावर हात उगारायचा नाही, फाशी तर मुळीच नाही. सरकार लोकांचे फोन चोरून ऐकतं अशी त्यांची पक्की खात्री होती. म्हणून फोन ठेवण्यापूर्वी ते "मधें ऐकणाऱ्यालाही नमस्कार" असं न चुकता म्हणत. एकदा आमच्यासाठी रावांकडे फोन केलेल्या माझ्या सासूबाईंनी तो नमस्कार स्वतःला समजून आशीर्वाद दिला.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण बोलता बोलता राव मध्येच थांबत. "आतां दुसरी बाजू ऐकूं या," म्हणत आणि मान तिरकी करून अर्धं मिनिट गप्प बसत. समोर कुणी नसे. अर्ध्या मिनिटानं मान हलवून ते पुढे बोलत, आणि कधी कधी त्यांचं मत खरोखरच बदललेलं असे. मला आधी वाटलं, म्हातारपण. सुमनची नजर माझ्यापेक्षा तिखट. ती म्हणाली, "ते कुठेतरी बघत नाहीत. उंबऱ्याकडे बघतात. ठेंगण्या बाईचा चेहरा असतो ना, बरोबर तेवढ्या उंचीवर." त्यानंतर मीही बघायला लागलो आणि माझी सकाळची कॉफी बेचव झाली. एकदा साखर मागायला गेलेली सुमन त्यांच्या उंबऱ्यात उभी राहिली, तर त्यांनी हात जोडले आणि हळूच म्हणाले, "तेवढें आंत या, अम्मा. तिथें उभें राहूं नका."

मग महापालिकेची निवडणूक आली आणि रावांच्या जुन्या पक्षाला त्यांची आठवण झाली. स्वच्छ माणूस हवा होता. राव पोरासारखे खुलले. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, इस्त्रीला गेली, धूळ खात पडलेला चष्मा दुरुस्त होऊन आला. इतक्या वर्षांनी त्यांच्या दारात चपलांचा ढीग दिसू लागला. अट एकच होती. आमच्या भागात बायकांच्या गळ्यातल्या साखळ्या ओढणाऱ्या एका पोराला पोलिसांनी पकडलं होतं आणि लोक खवळले होते. सभेत रावांनी एवढंच म्हणायचं, की असल्यांना कोर्टाची पायरी कशाला, परस्पर निकाल लावा. ते वाक्य पक्षानं लिहूनच दिलं होतं. राव ते दोन दिवस पुटपुटत होते.

सभेला आम्ही दोघं पुढेच बसलो होतो. राव छान बोलले. पाणी, गटारं, डास, सगळं झालं. मग खिशातून तो कागद काढला, उघडला आणि थांबले. मान तिरकी झाली. ध्वनिक्षेपकातून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. हळूहळू सगळी सभा ते पाहत होते तिकडे, व्यासपीठाच्या पायरीकडे, पाहू लागली. पायरीपाशी बसलेल्या एका बाईनं पदर आवरला आणि कुणाला वाट द्यावी तशी ती बाजूला सरकली. सुमननं माझा हात घट्ट धरला.

रावांनी कागदाची घडी घातली. त्या पोराचं म्हणणं अजून कुणी ऐकलेलं नाही, तेव्हा हे वाक्य मी वाचणार नाही, असं ते तमिळमध्ये म्हणाले आणि खाली उतरले. कुणी शिट्टी मारली. तिकीट त्याच संध्याकाळी दुसऱ्याला गेलं.

मी त्यांना त्यांच्या घरी आणलं. पाणी दिलं आणि न राहवून विचारलं, उंबऱ्यात कोण येतं?

"एका पोराला फाशीची शिक्षा जाली होती, माझ्या भागांतल्या," ते म्हणाले. "त्याची आई दयेचा अर्ज घेऊन आली. आमदाराची सही पाहिजे होती. निवडणूक तोंडावर, लोक चिडलेले. मी तिला उंबऱ्यांतच सांगिटलें, निवडणुकीचा निकाल लागूं दे, मग ये."

"मग?"

"निवडून आलों. ती आली. पोराला जाऊन चार दिवस जाले होते. उभी राहिली, माझ्याकडे पाहिलें आणि गेली. एक अक्षर बोलली नाहीं, सार. काय बोलायची होती, तेवढें ऐकायला थांबतों."

मला भीती वाटायची ती त्या क्षणी गेली. उठलो, तर ते रिकाम्या जिन्याकडे पाहत म्हणाले, "उद्यां पक्षाचें कोणी यायचें नाहीं. तुम्ही कापीला याल कां?"

येतो म्हणालो.

"किती वाजतां?" त्यांनी लगेच विचारलं.