गटाराचे वारस

साहेब, चूक तुमची आहे. तुमचं नाव लिहीत नाही, कारण कचेरीतल्या खुर्चीवरचं नाव दर तीन वर्षांनी बदलतं आणि खुर्ची तशीच राहते. पण चिंचखडकातून दोन म्हाताऱ्या माणसांना तुम्ही हाकललंत, आणि त्यांचा अपराध काय नोंदवलात, तर गटार साफ केलं. हे आधी चारचौघांत सांगतो. मग तुमचं काय म्हणणं असेल ते ऐकू.

चिंचखडक पारनेर तालुक्यातलं. पाऊस कमी, पुढारी भरपूर. चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर तिथं कॅनडाहून हेन्री आणि मार्था नावाचं जोडपं राहायला आलं. तो निवृत्त पोस्टमन, ती निवृत्त मास्तरीण, दोघं सत्तरीला टेकलेली. त्यांच्या चर्चची एक रीत होती. नातवंडं मोठी झाली की धडधाकट म्हाताऱ्यांनी पदरखर्चानं दोन वर्षं परमुलखात सेवेला जायचं. उपदेश करायचा नाही, पुस्तकं वाटायची नाहीत. ज्या गावात जाल तिथं विचारायचं, "इथं कोणतं काम कोणीच करत नाही?" आणि ते काम करायचं.

गावानं त्यांना घर दिलं नाही, कारण गोरे लोक काय खातात ते सांगता येत नाही. शेवटी बौद्धवाड्यातल्या चांगुणाबाईनं मागच्या दोन खोल्या दिल्या. चांगुणाबाई साठीची विधवा. मुलगा महेंद्र बी.कॉम. झालेला आणि नोकरीचे अर्ज लिहून लिहून अक्षर सुंदर झालेला.

पाहुण्यांच्या संसाराची चांगुणाबाईला सुरुवातीला भीतीच वाटली. सकाळी दोघं शेजारी बसून डोळे मिटायची. मग म्हातारा भांडी घासायला बसायचा आणि म्हातारी मराठी पेपर वाचायची.

"अवं बाबा, ठिवा ती भांडी. लोकं मला हसत्याल."

"आपण कृपया चिंता करू नये," हेन्री म्हणायचा. दोघांनी मराठी पुस्तकातून शिकली होती. मार्था शेळीलासुद्धा "आपण बाहेर जावे" असंच सांगायची. शेळी जायची नाही, पण ओशाळायची. हेन्री भाकऱ्या थापायचा त्या वेगवेगळ्या तालुक्यांच्या नकाशासारख्या व्हायच्या. जामखेडचा टोकेरी तुकडा महेंद्र आवडीनं खायचा. दुपारी मार्था बायांना विणकाम शिकवायची. एप्रिल महिन्यात वाड्यातल्या प्रत्येक पोराच्या अंगात स्वेटर होता आणि स्वेटराखाली घामोळं.

पण हे पुढचं झालं. आल्या आल्या त्यांनी चावडीवर जाऊन रीतीप्रमाणे प्रश्न विचारला होता. सरपंच आप्पासाहेब विनोदी माणूस. त्यांनी चावडीसमोरच्या गटाराकडं बोट केलं.

"हे घ्या! ह्याला कोनी हात लावीत न्हाई."

चावडी पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी हेन्री गुडघ्याएवढे रबरी बूट घालून गटारात उभा होता आणि मार्था काठावरून घमेली रिकामी करत होती.

आता हे गटार साधं नव्हतं. बाहत्तरच्या दुष्काळी कामात ते झालं आणि झाल्या दिवसापासून तुंबलं. ते कोणी काढायचं, हे गाव बोलून दाखवत नव्हतं. नुसतं बौद्धवाड्याकडं बघत होतं. वाडा मागं वळून बघत नव्हता. छप्पन साली चांगुणाबाईचा नवरा बन्सी नागपूरहून दीक्षा घेऊन आला, त्यानं गावकीचा झाडू चुलीत घातला आणि त्याच जाळावर चहा केला. "ह्या घरात गावाचा झाडू पुन्हा यायचा न्हाई," तो म्हणाला. चांगुणाबाई तेव्हा नवी नवरी होती. चहा धुरकट झाला होता, पण तेवढा गोड चहा तिनं नंतर कधी प्यायला नाही.

तर हेन्री गटारात उतरला आणि चिंचखडकात सत्ययुग आलं. लोक दर्शनाला येऊ लागले. आप्पासाहेबांनी चावडीतली खुर्ची बाहेर काढून घेतली, बसून नीट दिसावं म्हणून. चांदभाईनं चहाची गाडी स्टँडवरून उचलून गटाराच्या काठी लावली. "क्या करू आक्का, गिऱ्हाईक हितंच हाय," तो म्हणाला. सोसायटीचे चेअरमन काकासाहेब रोज डोळे पुसत. "निष्काम सेवा म्हंत्यात ती हीच. लई पुण्याचं काम!" पुण्यात खंड पडू नये म्हणून लोक घरातला केर आणून गटारात टाकू लागले. म्हाताऱ्याला सेवेची संधी कमी पडायला नको. वरच्या आळीनं तर मोर्चाच काढला: परदेशी माणूस खालच्या आळीतच गटार काढतो, हा आमच्यावर अन्याय आहे. मोर्चात सत्तर माणसं होती. फावडं एकाकडंही नव्हतं.

मग कोणीतरी तुम्हाला निनावी अर्ज केला, साहेब. गावात बाटवाबाटवी चालू आहे. तुम्ही चौकशीला रंगनाथ कारकून पाठवलात. तो चांगुणाबाईच्या ओट्यावर बसला.

"बाई, ह्यांनी आतापर्यंत किती लोक बाटवले?"

"एकबी न्हाई."

"वर्ष झालं की येऊन! मग करतात काय?"

"गटार काढत्यात."

"ते झालं. त्यानंतर?"

"भांडी घासत्यात."

"बाई, सरकारपासून लपवू नका. कोणाच्या तरी खाण्यापिण्यात, वागण्यात फरक पडला असेल?"

"पडलाय की. म्हातारा ठेचा खातो. म्हातारी आता मांडी घालून बसती. आमीच त्यांना बाटवलंय, लिवा."

रंगनाथनं प्रामाणिकपणे लिहिलं: धर्मांतर, उणे दोन. पण चौकशी रिकाम्या हातानं परत जात नसते. त्यानं विचार केला. पाहुणा म्हणून आलेला परदेशी माणूस काम करतो. म्हणजे इथल्या कोणाचं तरी काम बुडतं. कोणाचं? तो चावडीत गेला, जुनं दप्तर उघडलं आणि उजळलेल्या चेहऱ्यानं परत आला.

"बाई, अन्याय झालाय! तुमच्यावर!"

"माझ्यावर?"

"तुमच्या घराकडं गावकीची कामं होती. मेलेलं जनावर ओढणं, सांगावा पोचवणं, चावडी झाडणं इत्यादी. छप्पनपासून तुमची जागा रिकामी आहे. ती ह्या परदेशी माणसानं बळकावली."

महेंद्र आतून बाहेर आला. "साहेब, गावकी कायद्यानंच बंद झालीय. आणि गटार बाहत्तरला झालं. छप्पनला गटारच नव्हतं."

"गटार नंतरचं असेल," रंगनाथ शांतपणे म्हणाला, "पण 'इत्यादी' आधीचं आहे."

मग त्यानं तोडगा काढला. सरकार दयाळू आहे. चांगुणाबाईनं महेंद्रसाठी जागा स्वीकारली, तर कोणाचं काम बुडालं असं होणार नाही. प्रकरण मिटेल, पाहुणे सुखानं राहतील. नाही स्वीकारली, तर पाहुण्यांना आठवड्यात गाव सोडावं लागेल. "निर्णय तुमचा. सक्ती अजिबात नाही."

त्या दिवशी जामखेडचा तुकडासुद्धा महेंद्रनं परत टोपलीत ठेवला. तो म्हणाला, "आई, दहा म्हैने मी धरतो फावडं. त्यांची दोन वर्षं तरी पुरी होतील."

"आन् तुज्या बानं चुलीत घातलं ते काय व्हतं? सरपान?"

"आम्ही जाऊ," मार्था म्हणाली. "आपण असे करू नये." पहिल्यांदाच तिचं पुस्तकी मराठी कोणाला हसू आणेना.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत चांगुणाबाई उभी राहिली. हातात हेन्रीचं फावडं.

"कचेरी म्हनती, गटार माझ्या घराचा हक्क हाय. बरं. हक्क माझा, तर कुनाला द्यायचा ते मीच ठरविनार. म्हातारा गटारात हुता तवा तुमी समदे म्हनला, लई पुण्याचं काम. ते पुण्य मी आज फुकाट वाटती. आप्पासाहेब, घ्या."

"आक्का, माझी कंबर धरलीय."

"काकासाहेब? तुमी तर रोज डोळं पुसत हुता."

"घरात सत्यनारायण हाय. सोवळ्यात हाय मी."

वरच्या आळीतला मोर्चावाला म्हणाला, "ते खालच्या आळीचं गटार. आमचा संबंध न्हाई." सभेत दोनशे माणसं होती, चारशे हात. सगळे हात एकाएकी पाठीमागं गेले.

"मंग ह्यो हक्क न्हाई," चांगुणाबाई म्हणाली. "हक्क असता तर तुमी माझ्याकडं ठिवलाच नसता."

रंगनाथनं नोंद केली: लाभार्थीनं लाभ नाकारला. तुम्ही सही केलीत, साहेब. चौथ्या दिवशी हुकूम आला.

निघायच्या सकाळीही हेन्रीनं भांडी घासली. मार्थानं शेळीला "आपण सुखी राहावे" म्हटलं. आप्पासाहेबांनी हार आणला होता, सत्काराचं भाषणही आणलं होतं. ते चालू असताना हेन्रीनं चांगुणाबाईला हळूच विचारलं, "आता हे काम कोण करील?"

"कोनीच न्हाई."

"म्हणजे आम्ही बरोबर काम निवडले होते," म्हातारा म्हणाला. पदर तोंडाला लावून चांगुणाबाई हसली आणि मग तिला हसू आवरेना, आणि मग रडू.

बूट त्यांनी मागं ठेवले. पिशवीत मावत नव्हते. चांगुणाबाईनं ते स्वच्छ धुतले आणि चावडीच्या दारातल्या खुंटीला उलटे टांगले. फावडं खाली टेकवलं. चांदभाईची गाडी परत स्टँडवर गेली. गटार पुन्हा तुंबलंय, पाणी चावडीच्या दुसऱ्या पायरीला लागलंय, आणि गाव पुन्हा बौद्धवाड्याकडं बघतंय. महेंद्रच्या पायाला ते बूट बसतात की नाही, हे कोणी विचारलेलं नाही. बसतात असं सगळे धरूनच चाललेत.

साहेब, मी तुम्हाला तीन अर्ज पाठवले, उत्तर नाही. एकच विचारलंय: त्या 'इत्यादी'त तुमचं घर का बसत नाही?

आणि तुम्ही, इथपर्यंत हसत हसत वाचत आलात. गटार तुमच्याही दारावरून वाहतं, ते कोण काढतं ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. बूट दहा नंबरचे आहेत, अजून खुंटीलाच आहेत. तुमच्या पायाचं माप काय? बोला.