साडूच्या कॉम्प्युटरवर डिस्क लागते

"भावजींच्या कॉम्प्युटरवर डिस्क टाकली की लगेच लागते. सोय आतच आहे म्हणे," बायको म्हणाली. भावजी म्हणजे तिच्या बहिणीचा नवरा, माझा साडू. त्याचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. डॉक्टरला सांगण्यासारखं नाही, पण दुखतं.

मी त्याच्यापेक्षा मोठा कॉम्प्युटर घेतला आणि जाहीर केलं, "रविवारी सगळे या! सासूबाईंच्या साठीच्या समारंभाची डिस्क आमच्याकडे बघू."

रविवारी सकाळी डिस्क टाकली. आत घरघर झाली आणि स्क्रीनवर पाटी आली, की ही डिस्क चालवता येत नाही. दुकानदाराला फोन लावला.

"नवीन सिस्टीममधून ती सोय काढलीय, साहेब. वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागेल. माणूस उद्या येईल."

उद्या? संध्याकाळी साडू येणार होता!

मी खालच्या शिंप्याचा जुना डिस्क प्लेअर मागून आणला, टेबलाखाली ठेवला, वर चादर सोडली आणि त्याची वायर मॉनिटरला जोडली. रिमोट मागच्या खिशात. हात माउसवर. बायकोलासुद्धा पत्ता नाही.

संध्याकाळी चित्र झकास लागलं. साडू पडद्याला डोळे लावून बसलेला पाहून मला गार गार वाटलं. त्या आनंदात मी खुर्चीत ऐसपैस टेकलो, तो नेमका रिमोटवर. पडद्यावर सासूबाई तोंडातला केक काढून परत बशीत ठेवू लागल्या.

"अहो जावईबापू, थांबवा ते!" सासूबाई म्हणाल्या.

मी माउस बडवत सुटलो. सासूबाईंनी एकेक घास करून सगळा केक परत केला. इतक्यात साडू शांतपणे वाकला आणि त्याने चादर उचलली.

संपलं, मला वाटलं. आता वर्षभर हाच विषय.

साडू माझ्या कानाशी आला. "रिमोट खिशात ठेवू नये हो. मी उशीखाली ठेवतो."

"म्हणजे तुमच्याकडेही...?"

"पहिल्या दिवसापासून."

मला इतकं हलकं वाटलं, की त्याला मिठीच मारणार होतो. पण बायकोचे कान तिखट. तिने सगळं ऐकलं होतं. चादरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बहिणीला म्हणाली,

"बघ. भावजींनी तेसुद्धा किती नीट केलं होतं."

पोट अजून दुखतंय.