पातेल्याची जागा

"टेबलाला असा हात मारतो, की नातवंडांनी हातोडी आपटली तरी चरा उठायचा नाही!" शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या नाकावर बोटभर भुसा होता आणि नातवंडांचा अजून पत्ताच नव्हता. एकुलती एक मुलगी शाळेत होती.

शास्त्रज्ञ हे बायकोनं ठेवलेलं नाव, आणि कौतुकानं नव्हे हं! गृहस्थ साबणाच्या कारखान्यात तपासनीस. तपासल्याशिवाय घरात सुई घेणार नाहीत. स्वयंपाकघरातलं हे टेबल त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं केलेलं, म्हणून जीव की प्राण. पण डागांनी त्याची पार रया गेली होती. बायकोनं शेवटचं सांगून टाकलं, "घासा, रंगवा, काय हवं ते करा. पण पुन्हा डाग पडला, तर माझ्या ताईकडे पडून असलेलं काचेचं टेबल येणार आणि हे माळ्यावर जाणार."

आता बाजारात लाकडावर लावायला काय कमी प्रकार? शास्त्रज्ञांनी चार डबे आणले. पीयू म्हणजे ते प्लास्टिकसारखं वॉर्निश, जवसाचं तेल, मेण आणि लाखेचं पॉलिश. टेबल उलटं केलं, खिडकीपाशी उभं राहून खालच्या अंगाला डावीकडून उजवीकडे चार पट्टे ओढले आणि डबेही त्याच क्रमानं खिडकीत मांडले. पट्टे वाळल्यावर प्रत्येकावर गरम चहा, लिंबाचा रस, उकळतं पातेलं!

"अहो, पोळ्या कुठे लाटू? तुमच्या डोक्यावर?" बायको कडाडली.

खिडकीकडची कड उचलून टेबल घाईघाईनं सरळ केलं. मग निकाल बघायला शास्त्रज्ञ खिडकीकडून डोकं आधी घालून टेबलाखाली शिरले आणि उताणे पडले. उजव्या टोकाचा पट्टा आरशासारखा लखलखीत! बाकी तिघांची दैना. बाहेर येऊन त्यांनी उजव्या टोकाचा डबा उचलला आणि "लाख!" असं ओरडून कामाला लागले.

टेबल दिसायला लागलं झकास. पण घरात संचारबंदी! पेला टेकवला की, "अगं, खाली फडकं!" मुलीनं कोपर ठेवलं की, "घाम लागेल!" आठवडाभर मायलेकी ओट्याशी उभ्यानं जेवल्या आणि टेबल मात्र आरामात बसून होतं.

रविवारी ताई आली. बायकोची थोरली बहीण, जिचं काचेचं टेबल बिचारं घराची वाट बघत होतं.

"काय शास्त्रज्ञ, हात लावू की तिकीट काढू?"

शास्त्रज्ञांना चेव आला. "ताई, हात काय लावता! दुधाचं पातेलं ठेवा. शेगडीवरून थेट!"

"नका हो," बायको म्हणाली.

"ठेवा म्हणतो ना!"

ताईनं ठेवलं. उचललं. खाली पांढराशुभ्र, वाटोळा, ठसठशीत डाग!

शास्त्रज्ञ तसेच खिडकीकडून टेबलाखाली शिरले आणि उताणे पडले. "अगं, हा बघ, पट्टा अजून चकचकीत आहे!"

बायको वाकली. "तेव्हाही असेच उताणे पडला होतात?"

"मग काय पालथा पडू?"

"तुम्ही उभे होतात तेव्हा जे डावं होतं, ते आता तुमच्या उजव्या हाताला आलंय. तो पीयू आहे!"

ताईनं पदर खोचला. "काच उद्याच पाठवते."

शास्त्रज्ञ रांगत बाहेर आले आणि डागावरून हळूच हात फिरवला. "बाबांनी सहा महिने खपून केलं होतं गं," एवढंच म्हणाले.

बायकोनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा ओट्याकडे. मग तेच गरम पातेलं उचललं आणि बरोब्बर त्या डागावर ठेवलं.

"राहू दे, ताई. तुझी काच आली की पहिला ओरखडा पडेपर्यंत आम्ही पुन्हा उभ्यानं जेवणार. इथला डागाचा कार्यक्रम उरकलाय. ही आता पातेल्याची जागा." ती खुर्ची ओढून बसली आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली. "हुश्श! पाय मोडले होते माझे."

मुलगीही धावत येऊन बसली. शास्त्रज्ञांना इतकं भरून आलं, की त्यांनी तडक खिडकीतला डावा डबा आणला.

"अगं, या डागावर पीयूचा एक हात मारतो. मग बघ, शंभर वर्षं हा डाग हलणार नाही!"

बायकोनं शांतपणे डबा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि ताईच्या पिशवीत टाकला.

"घेऊन जा," ती म्हणाली. "तुझ्या काचेला लाव."